शिफा त्याची, सेवा आपली

‘आता उपाय उरला नाही,’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा आम्हा परिचारिकांचे कर्तव्य संपते काय? खंदकच्या युद्धात (इ.स. 627) जखमी झालेल्या ह. सअद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदे नबवीतील ह. रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवविले व स्वतः त्यांची विचारपूस केली. सअद (रजि.) अखेर त्याच जखमेने शहीद झाले, तरी ती शुश्रूषा व्यर्थ गेली नाही. शिफा अल्लाहच्या हाती आहे. मोजून दिलेल्या मॉर्फिनने वेदना शमविणे, कूस बदलणे, कोरडे ओठ ओले करणे, कलम्याची हळुवार आठवण देणे आपल्या हाती आहे. प्राण ही अमानत आहे; ती मुदतीआधी हिरावण्याचा अधिकार कोणास नाही, तसाच जाणाऱ्यास एकाकी सोडण्याचाही नाही.