करते की!

संधिवाताच्या ओपीडीत आमचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून सिस्टरनी मावशीचा फॉर्म माझ्या हातात दिला. ‘आत जायच्या आधी एवढा भरून ठेवा.’ मावशीची बोटं सकाळी अकरापर्यंत सुटत नाहीत, तेव्हा पेन ओघानंच माझ्याकडे आलं. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन: काहीच त्रास न होता, थोड्या त्रासाने, खूप त्रासाने, अजिबात नाही.

‘गाडीत बसू आणि गाडीतून उतरू शकता का?’ मी वाचलं.

‘कुणाच्या?’ मावशी म्हणाली.

‘नळ उघडू व बंद करू शकता का?’

‘पाणी आलं तर.’

शेजारच्या बाकावरचे दोघं हसले. मग डोक्याच्या वर ठेवलेली दोन-सव्वादोन किलोची वस्तू, उदाहरणार्थ साखरेची पिशवी, खाली काढता येते का, हा प्रश्न आला. ‘साखरेचा डबा मी खालीच ठेवते,’ मावशी म्हणाली. मी ‘काहीच त्रास न होता’वर खूण केली आणि पुढे गेलो. बाकी बहुतेक प्रश्नांना तिचं एकच उत्तर होतं: ‘करते की.’

या फॉर्मवर माझा राग जुना आहे आणि तो निव्वळ पुतण्या-भाच्याचा नाही. पोटासाठी मी भाषांतरं करतो. त्यात अशा प्रश्नावल्याही केल्या आहेत.

मूळ फॉर्म अमेरिकेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली तो प्रसिद्ध केला. त्याचं नाव हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘हॅक’. वीस प्रश्नांचे आठ गट, प्रत्येक गटातलं सर्वांत वाईट उत्तर धरायचं आणि आठांची सरासरी काढायची. शून्य म्हणजे ठणठणीत, तीन म्हणजे पूर्ण परावलंबी. दुधाचा नवा खोका उघडणं, टबात अंघोळ करणं, ताटातलं मांस कापणं हे सगळं त्यात आहे. त्याचा दूरचा भाऊ ‘एसएफ-३६’ तर मध्यम श्रमाचं उदाहरण म्हणून गोल्फ खेळणं सांगतो. असल्या गोष्टींवर हसणं सोपं आहे, आणि इतक्या जणांनी हसून झालं आहे की मी ते सोडून देतो.

हसू येत नाही ते भाषांतराच्या रीतीला. एकानं इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते मराठीतून परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळली की समितीनं मान डोलवायची. मूळ प्रश्न ‘आर यू एबल टू’ असा सुरू होतो. मी लिहिलं, ‘तुम्ही करू शकता का?’ ते ‘आर यू एबल टू’ होऊनच परत आलं. सगळे खूश. पण सांधे धरलेल्या बाईला मराठीत असं कोण विचारतं? आपण विचारतो, ‘उठायला होतं का?’ ती म्हणते, ‘माझ्याच्यानं होत नाही रे आता.’ मी ‘होतं का’ लिहिलं असतं, तर परत येताना त्याचं ‘डज इट हॅपन’ झालं असतं आणि समितीनं त्याखाली तांबडी रेघ ओढली असती. म्हणजे या परीक्षेत जड, पुस्तकी मराठी पहिल्या वर्गात पास होते आणि बोलण्यातली मराठी नापास.

हे मी माझ्या संख्याशास्त्री मित्राला ऐकवलं. त्याचं उत्तर तयार होतं: ‘अल्फा किती आला?’ अल्फा म्हणजे ली क्रॉनबाख यांचा १९५१ सालचा गुणांक. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळून वागतात हे तो सांगतो. ०.९ आला की मित्राच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान दिसतं. मी म्हटलं, एका वॉर्डातल्या सगळ्या सासूबाईंचे फॉर्म सुनांना भरायला दे. प्रत्येक सून सासूबद्दलचं आपलं एकच मत वीसही प्रश्नांवर सारखं पसरेल, प्रश्न आपसात आणखीच जुळतील आणि तुझा अल्फा वाढेल. तो म्हणाला, ‘हे मलाही माहीत आहे, म्हणून तर त्याच्याबरोबर इतर कसोट्या लावतात.’ लावतात खऱ्या. तीच माणसं आठवड्यानं तीच उत्तरं देतात का, सुजलेल्या सांध्यांशी आकडा मेळ खातो का, औषधानं बरं वाटल्यावर तो उतरतो का, हे सगळं पाहतात. पण तेव्हा मला वाद जिंकायचा होता, म्हणून मी विषय जमिनीवर नेला.

जमिनीवर म्हणजे अक्षरशः. मावशीचा अर्धा जन्म जमिनीवर गेला. एक गुडघा उभा, दुसरा पाय विळीच्या पाटावर दाबून धरलेला, समोर परात, डाव्या हाताला चूल. विळीवर पावशेर गवार चिरायची म्हणजे कंबर, गुडघा, घोटा, मनगट आणि अंगठा सगळ्यांची हजेरी लागते. कुठल्याही डॉक्टरनं एवढी सर्वांगीण तपासणी शोधून काढलेली नाही. जेवायला पाट, पूजेला आसन, निवडायला सूप घेऊन मांडी घालायची, आणि संडासात उकिडवं बसायचं ते वेगळंच. खुर्चीवरून उठता येतं का, एवढंच विचारणाऱ्या फॉर्मला या आयुष्यातलं काय कळणार? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आवृत्तीनं हे ओळखलं. प्रश्न बारावर आणले आणि त्यात उकिडवं किंवा मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजीबाजार करणं घातलं. उत्तम केलं. पण आता मावशीकडे ओटा आहे, कमोड आहे, विळी माळ्यावर आहे. आणि तिच्या नातवाला, ज्याचे सांधे लोण्यासारखे मऊ आहेत, मांडी घालून पाच मिनिटं बसवत नाही. आणखी वीस वर्षांनी तो प्रश्न सांधा मोजेल की सवय, सांगता येत नाही. क्रॉनबाख यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की प्रमाणित करायचा असतो तो चाचणीच्या आकड्यातून आपण काढलेला अर्थ, चाचणी नव्हे.

इथं मला माझा आवडता भेद मांडायचा आहे. मराठीत ‘येतं’, ‘जमतं’, ‘करते’ आणि ‘करावं लागतं’ या चार वेगळ्या अवस्था आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या वर्गीकरणातही क्षमता आणि प्रत्यक्ष कृती या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. माणसाला काय करता येईल हे एक, आणि तो आपल्या घरात काय करतो हे दुसरं. पण चौथ्या अवस्थेला तिथं घर नाही. मावशीचं ‘करते की’ म्हणजे ‘करावं लागतं’. भाकरी थापताना मनगट किंचाळत असलं तरी भाकरी होतेच. उलट डबा खाली ठेवला की फडताळाचा त्रास संपतो, म्हणजे फडताळच संपतं. त्रास नाही याचा अर्थ काही वेळा एवढाच, की ती गोष्ट आयुष्यातून काढून टाकली आहे.

मला वाटलं, आता मित्र गप्प बसेल. तो म्हणाला, ‘फॉर्म नको म्हणतोस ना? मग डॉक्टर काय विचारतील?’

‘कशा आहात, असं विचारतील.’

‘आणि मावशी?’

मावशी म्हणेल, ‘बरं आहे.’ गेली पंधरा वर्षं ती डॉक्टरांना, पोस्टमनला आणि व्याह्यांना हेच सांगत आली आहे. ‘बरं आहे’ हे आपल्याकडे प्रकृतीचं वर्णन नसतं. तो शिष्टाचार असतो. त्यात सोबत मुलगा किंवा भाचा असला की डॉक्टर त्याच्याकडे पाहून विचारतात आणि तोच उत्तर देतो. अमेरिकेतल्या थिओडोर पिंकस यांनी १९८०च्या दशकापासून दाखवलं की संधिवाताच्या रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा, अगदी मृत्यूचाही, अंदाज रोग्यानं स्वतः भरलेल्या अशा साध्या कागदावरून रक्ताच्या तपासण्यांपेक्षा आणि एक्स-रेपेक्षा चांगला लागतो. स्वतः भरलेल्या. १९९६ साली भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघर संधिवाताची पाहणी झाली, तेव्हाही दारात जाऊन विचारायला गावातलीच माणसं तयार केली होती. कुणी विचारायचं, हा प्रश्नावलीचाच भाग असतो.

आणि फॉर्मचा जो उद्धटपणा मला खुपत होता, चार चौकोन, तिथेच बोट ठेव, ‘बरं आहे’ चालणार नाही, तो मला आता उपयोगाचा वाटू लागला. त्या खोलीत रीतभात नसलेला तो एकटाच. व्याह्यांना जे सांगायचं नसतं ते त्याला सांगता येतं. पुस्तकी मराठीवरचा माझा राग कायम आहे, गोल्फवरचाही. पण त्या सकाळी फॉर्म चुकला नव्हता. ‘करते की’ हे उत्तर चार चौकोनांत कुठं बसतं, हे तिला न विचारता मी ठरवलं होतं. प्रश्न तपासलेले होते. पेन धरणाऱ्याला कुणी तपासलं नव्हतं.

महिन्यानं पुन्हा गेलो तेव्हा मी सिस्टरना म्हटलं, तुम्हीच विचारा, आणि बाहेर चहाला गेलो. आधीचा आकडा ०.५ होता. आता १.६२५ आला. औषध तेच, रक्ताचे आकडे जवळपास तेच. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘एका महिन्यात एवढं बिघडलं?’ मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी केसपेपर उलटा फिरवला, ०.५ वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: भाच्याने भरला.