दात बघून जू

आमच्या वाडीत पाडा जोताला लावायचा म्हटलं की आबा आधी त्याचं तोंड उघडत. एका हाताने नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ दाबायचा. दुधाचे दात भोपळ्याच्या बियांसारखे बारीक. मधोमध दोन रुंद दात आलेले दिसले तर ठीक, नाहीतर "आदात आहे, पुढच्या पावसाळ्यात बघू," म्हणून सोडून देत. दोन दात आले तरी पहिलं वर्ष पाडा जाणत्या बैलाच्या जोडीला, तोही सकाळचा थोडा वेळ. का म्हणून विचारलं तर म्हणत, "हाड कवळं आहे. आता दाबलं तर खुजा राहील."

आबांचं बरोबर होतं. पण त्यांच्या बोलण्यात अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी त्यांच्या वागण्यात होती, हे मला फार उशिरा कळलं. या दोन अर्ध्या गोष्टी जुळवायला शास्त्रालाही शंभरावर वर्षं लागली.

सुरुवातीला हाड म्हणजे लाकूडच मानलं जाई. फ्रान्समधल्या निकोला आंद्री या वैद्याने 1741 साली मुलांच्या शरीरातले बाक सुधारण्यावर ग्रंथ लिहिला. त्यात वाकडं रोप सरळ खुंटाला बांधल्याचं चित्र आहे. वाऱ्याने झुकू नये म्हणून हापूसच्या कोवळ्या कलमाला आपण काठी देतो, अगदी तसंच. अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्था आजही हे चित्र बोधचिन्ह म्हणून वापरतात.

आबांचं 'खुजा राहील' जर्मनीत 1862 साली कागदावर आलं. वाढत्या जनावराच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, खालच्या बाजूने त्यांचं हाड होत जातं आणि पाय लांब होतो. ह्यूटर आणि फोल्कमान या दोन शल्यविशारदांनी सांगितलं, की या चकतीवर दाब वाढला तर वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर ती वेग घेते. बैलाच्या पायाच्या खालच्या हाडांतली चकती साधारण दोन-अडीच वर्षांत मिटते, वरच्या मोठ्या हाडांतल्या काही चकत्या साडेतीन-चार वर्षांपर्यंत उघड्या राहतात. पहिले दोन पक्के दात येतात तेही दोन वर्षांच्या सुमारास. आबा बघत दात, पण त्यांना कळे हाडाचं वय.

मग त्याच काळात बरोबर उलटं सांगणारे पुढे आले. 1866च्या सुमारास झुरिकमध्ये मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे मांडीचं हाड उभं चिरलेलं होतं. कुल्मान नावाच्या अभियंत्याने त्यातल्या जाळीदार रेषा पाहिल्या. वजन उचलणाऱ्या यारीत ताण-दाबाच्या रेषा तो कागदावर काढत असे, त्याच इथे हाडात उमटलेल्या होत्या. त्यावरून बर्लिनच्या युलियुस वोल्फने 1892 साली नियम मांडला, की भार पडेल तिथे हाड घट्ट होतं, भार हटेल तिथे विरतं.

मग भार हाड खुंटवतो की घडवतो?

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती एक बकरी. पुढचे पाय नसलेलं हे पिल्लू उड्या मारत मागच्या दोन पायांवर चालायला शिकलं. वर्षभराचं असताना ते मेलं आणि स्लाइपर या डच शास्त्रज्ञाने 1942 साली त्याच्या सांगाड्याचं वर्णन केलं. मागच्या पायांची हाडं, पाठीचा कणा, छातीचा पिंजरा, सगळ्यांचाच घाट बदलला होता. आपल्याकडची शेळी करवंदीच्या जाळीवर पुढचे पाय टेकून उभी राहते आणि शेंडे खुडून परत खाली येते. त्या पिल्लाला खाली येणं नव्हतंच. त्याच्या हाडांनी आयुष्य बघून आकार घेतला.

कोडं सुटलं ते 'किती भार' याच्या जोडीला 'कसा भार' विचारल्यावर. हर्ट आणि लिस्कोव्हा यांनी 1971 साली सशांच्या नडगीवर पाहिलं, की सतत दाबून धरल्याने हाड नवं काही रचत नाही. दाब येत-जात राहिला तर रचतं. पुढे 2001 साली अमेरिकेत रोबलिंग आणि सहकाऱ्यांनी वाढत्या उंदरांचं पुढच्या पायाचं हाड रोज दहा मिनिटं दाबलं. थांबून-थांबून दाबलेलं हाड जाड झालं. एकसारखं दाबून धरलेल्याची जाडी वाढायची अडली. आणि जोर जास्त असला, तर दोन्ही रीतींत लांबी मार खात होती. म्हणजे ह्यूटरही खरा होता, वोल्फही. एक बोलत होता चकतीबद्दल, दुसरा तयार झालेल्या हाडाबद्दल.

आबांची दुसरी अर्धी गोष्ट इथे येते. जोताला न लावलेला पाडा त्यांनी कधी दावणीला अडकवून ठेवला नाही. सकाळी दावं सुटलं की तो गुरांमागून सड्यावर जाई. कातळावर खूर आपटायचे, घळीत उतरायचं, गडग्यावरून उडी मारायची. दिवसाकाठी शेकडो छोटे धक्के, मध्ये विसावा. 2018 साली नोंदलेली आपली 'कोकण कपिला' ही बुटकी, काटक गाय याच चढउतारावर पिढ्यान् पिढ्या वाढली.

आता आमच्याकडे चिखलणीला पॉवर टिलर येतो, पाड्याचे दात कुणी बघत नाही. पण सड्यावर कलमांच्या बागा झाल्या, कुंपणं आली, बिबट्याची भीती वाढली आणि वासरं गोठ्यातच वाढू लागली. मानेवर जू नाही आणि पायाखाली कातळही नाही. मागच्या दिवाळीत मी पुतण्याला म्हटलं, निदान घटकाभर सोड. त्याने दावं काढलं. चार महिन्यांचं वासरू अंगणाच्या कडेला थबकलं, पायरीचा वास घेतला, मग चारी पाय एकदम उचलून खाली खळ्यात उडी टाकली आणि वळून पुन्हा पायरी चढायला लागलं.