रस्त्यालाच थांबा हवा

"प्रवास उत्तम झाला. फक्त वाटेत बघण्यासारखं काही नाही." नागपूरहून समृद्धी महामार्गानं मुंबईला आलेला ओळखीचा एक तरुण सहज बोलता बोलता हे म्हणाला आणि दुसऱ्या विषयाकडं वळला. माझं मन मात्र त्या वाक्यापाशीच अडकून राहिलं.

हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. दहा जिल्ह्यांतून जातो. वर्ध्याकडं सेवाग्राम त्याच्यापासून लांब नाही. पुढं कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. मेहकरला खाली उतरलं, की थोड्या अंतरावर लोणार. मग सिंदखेडराजा, जिथं १५९८ साली जिजाऊ जन्मल्या. त्यानंतर देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी आणि सिन्नरला यादवकाळातलं गोंदेश्वराचं देऊळ. महाराष्ट्राचा एवढा इतिहास आणि एवढा भूगोल एका दिवसात शेजारून निघून गेला, तरी त्या मुलाला त्यातलं काही दिसलं नाही. दोष त्याचा नाही. त्याचे डोळे उघडेच होते. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे दुभाजक, समोर पांढरे पट्टे आणि अधूनमधून फलकावर एखादं नाव. ताशी १२० च्या वेगात वाचलेलं 'सिंदखेडराजा' फक्त अंतर सांगतं, बाकी काही सांगत नाही.

जुने रस्ते गावांच्या वेशीतून जात आणि नव्या रस्त्यांनी गावं बाजूला टाकली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबद्दलची हळहळही पुष्कळ लिहून झाली आहे. सुरुवातीला माझाही कल त्याच बाजूला होता. रस्ते बांधण्यात ज्यांची हयात गेली अशा एका स्नेह्यांपाशी मी तो बोलून दाखवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "रस्त्याचं काम माणसाला लवकर आणि सुखरूप पोचवणं. ज्याला वेरूळ बघायचंय तो वेरूळला जाईलच. बाकीच्यांना तुम्ही का अडवता? पर्यटन हे निराळं खातं आहे."

त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग मला ताबडतोब मान्य आहे. बुलढाण्याच्या एखाद्या खेड्यातून आजारी माणसाला मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं असेल, तर वाचलेला एकेक तास मोलाचा. ज्यांच्या संत्र्यांना, भाजीला बाजार गाठायचाय त्यांनाही तो तितकाच मोलाचा. अशा माणसांना 'सावकाश जा, वाटेतलं देऊळ बघा' असं सांगणं हे पोट भरलेल्याचं शहाणपण झालं. शिवाय द्रुतगती मार्गावर मनाला येईल तिथं गाडी उभी करणं म्हणजे मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं. इथवर माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते 'निराळं खातं' या शब्दांशी.

वाटेत माणूस दोन कारणांनी थांबतो. एक गरजेपोटी: तहान, भूक, झोप, जनावराला किंवा गाडीला विसावा. दुसरं बघण्यासाठी. आज आपण या दोन थांब्यांच्या जागाच तोडून टाकल्या आहेत. गरजेसाठी फूड मॉल आणि पेट्रोल पंप. बघण्यासाठी आडवाट, तिकीटखिडकी आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. पहिल्या जागी बघण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या जागी पुष्कळदा प्यायला पाणी नसतं. ही फाळणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कायमचीच असावी असं वाटतं. पण ती अगदी अलीकडची आहे.

नाणेघाट घ्या. कोकणातून जुन्नरकडं चढणारी ही वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती. घाट चढून आलेल्या माणसाला वर पोचताच खोदलेल्या गुहेत सावली मिळे आणि जवळच्या टाक्यांत पाणी. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथंच आहे. आणि त्याच विश्रांतीच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरला आहे. राजघराण्यानं केलेले यज्ञ, त्यांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची ती नोंद. त्या नोंदीतले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवर राजपुरुषांच्या मूर्ती होत्या. आता बहुतेक पावलांच्या खुणा उरल्यात. राणीनं हा मजकूर महालात न कोरता घाटमाथ्यावर का कोरला? दमलेला वाटसरू इथं टेकणारच, हे तिला माहीत होतं म्हणून. जिथं माणसाला थांबावंच लागतं, तिथंच त्याला काही सांगता येतं.

कार्ल्याची गोष्टही याच वळणाची. देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह या डोंगरात झालं, कारण कोकणच्या बंदरांवरून देशावरच्या बाजारपेठांकडं जाणारी वाट खालून जात होती. तिथले खांब, दरवाजा, ओटे कोणी कोणी दिले ते दगडावरच कोरून ठेवलं आहे. दात्यांमध्ये वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, एक सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी आहे. ही सगळी चालती माणसं. पावसाळ्यात भिक्षूंना निवारा हवा आणि उरलेल्या ऋतूंत तांड्यांना पाणी. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या लेखांत गुहेइतकीच पाण्याच्या टाक्याच्या दानाचीही नोंद सापडते. आज आपण चैत्याच्या कमानीखाली उभं राहून तिचे फोटो घेतो आणि बाजूच्या टाक्यात डोकावतसुद्धा नाही. या सगळ्या उद्योगाची सुरुवात मात्र त्या टाक्यापासून झाली होती.

मराठवाडा-विदर्भातल्या बारवा याच जातीच्या. पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या, पायऱ्यांच्या भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत देव. सिंदखेडराजातली पुतळा बारव तर शिल्पांवरूनच ओळखली जाते. बांधणाऱ्यानं तहान भागवण्याची सोय केली आणि उतरताना डोळ्यांना विसावा दिला. यातलं एक काम उपयोगाचं आणि दुसरं हौसेचं, असा भेद त्याच्या मनात असावा असं मला वाटत नाही. अहिल्याबाई होळकरांनी घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभारल्या, आणि वेरूळला घृष्णेश्वराचं देऊळही नव्यानं बांधलं. ही वेगवेगळ्या खात्यांची कामं आहेत असं त्यांच्या कारभाऱ्यांना कोणी सांगितलं असतं, तर ते त्यांना समजलंच नसतं.

इथं बोरघाटाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगरानं दाखवली, बक्षीस माग म्हटल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्यापायी जीव गमावला, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री तिला आधार किती, हा प्रश्न इथं मला महत्त्वाचा वाटत नाही. चालक आजही त्या देवळापाशी वेग कमी करतात आणि नाणं टाकून पुढं जातात. ज्या वळणावर सावध राहायचं, त्याच वळणावर वाट शोधणाऱ्याची आठवण, ही लोकांनी आपण होऊन केलेली योजना आहे. त्याच घाटात १८३० सालचा एक दगडी पूल होता. त्यावरच्या जाहिरातीमुळं पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत आले. वाहतुकीला अडचणीचा झाला म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना तो पाडला. पाडण्याची कारणं खरी होती. तरी पुष्कळांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं. तो पूल बघायला कोणी मुद्दाम गेलं नव्हतं. जाता-येता तो डोळ्यांत राहिला होता. बघण्याची ही सर्वांत जुनी रीत. तिच्यासाठी वेगळी सुट्टी काढावी लागत नाही.

माझ्या स्नेह्यांनी यावर एक आक्षेप घेतला आणि तो वजनदार होता. "माणसानं बांधलेल्या गोष्टींचं ठीक आहे. लोणारचं काय? तो खड्डा कोणाच्या सोयीसाठी झालेला नाही." बरोबर. आकाशातून आलेल्या अशनीनं दख्खनच्या काळ्या कातळात जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाडलं. त्याचं वय आधी ५०,००० वर्षांच्या आसपास मानत. पुढच्या कालमापनात ते ५,७०,००० वर्षांपर्यंत गेलं. चंद्रावरही असाच बेसाल्टचा कातळ आहे, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचे दगड तपासावे लागतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. ती करामत खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दाखवून दिलं. यात कुठं आली तहान आणि कुठं आला वाटसरू?

पण विवराच्या काठावर उभं राहून पाहा. खालच्या सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त, की ते पिता येत नाही. आणि काठावरच्या गोमुखातून मात्र गोड्या पाण्याची धार वाहते. लोक त्या धारेशी थांबले. तिच्याभोवती देवळं झाली, गाव वसलं, गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ उभं राहिलं. या भूमीत लवणासुराला विष्णूनं मारलं ही कथा तिथं घडली, तीही अशा खाऱ्या पाण्याच्या काठी. विज्ञान येण्याच्या कितीतरी आधी, हा खड्डा साधा नाही हे ओळखून त्याला कथा देण्याचं काम तहानेनं थांबलेल्या माणसांनी केलं. निसर्गानं चमत्कार घडवला हे खरं, पण गोड्या पाण्याशिवाय त्याच्यापाशी कोणी इतका वेळ बसलं नसतं.

हे बोलता बोलता माझं मूळचं म्हणणं मला सोडावं लागलं. मला जुना रस्ता परत हवा होता. आता वाटतं, जुन्या रस्त्याचा मोठेपणा त्याच्या संथपणात नव्हता. गरजेच्या थांब्यावर काहीतरी मोलाचं ठेवण्याची जी रीत होती, तिच्यात तो होता. ती रीत वेगवान रस्त्यावरही पाळता येते. किंबहुना तिथं तिची निकड जास्त आहे. सरळ, एकसुरी, वळण नसलेल्या रस्त्यावर चालकाचं भान हळूहळू हरपतं, हे वाहतुकीच्या अभ्यासकांनी वारंवार सांगितलं आहे. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा वाटेत जेवणाची आणि स्वच्छतागृहांची सोय अपुरी असल्याची तक्रार लगेच सुरू झाली. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा मी इथं करत नाही. मात्र ज्या रस्त्यावर माणूस तासन्‌तास थांबत नाही, त्या रस्त्यावर थांबा हा जिवाचा प्रश्न आहे, एवढं कोणालाही मान्य व्हावं.

आणि थांबा जर जिवाचा प्रश्न असेल, तर तो निराळ्या खात्याचा उरत नाही. तो रस्त्याचाच भाग ठरतो, मोरी आणि दुभाजक ठरतात तसा. माझ्या स्नेह्यांचंच सूत्र मी त्यांच्यापुढं ठेवतो: रस्त्याचं काम सुखरूप पोचवणं. मग मेहकरच्या उताराशी सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि टेकायला ओटा हे सर्व त्या कामात आलंच. ते बांधायचंच आहे, तर ओट्याला लोणारच्या भोवतालचा काळा कातळ लावा. भिंतीवर विवराचा छेद काढा, आणि गोमुखाची धार का आटत नाही ते साध्या मराठीत लिहा. तिथून लोणारला किती वेळ लागेल तेही लिहा. सिंदखेडराजाच्या थांब्यावर पुतळा बारवेच्या पायऱ्यांसारख्या पायऱ्या करा, त्यांच्या तळाशी खरोखरच पाणी असू द्या. तिथल्याच गावातली माणसं बोलायला ठेवा. खर्चाला हातभार लावणाऱ्या व्यापाऱ्याचं, गवंड्याचं, सुताराचं नाव कार्ल्यासारखं दगडावर कोरा. थांबणाऱ्यांतले निम्मे प्रवासी पाणी पिऊन पुढं जातील. जाऊ द्या, त्यांची झोप तर उडाली. उरलेल्यांतले काही गाडी वळवतील. काही घरी जाऊन पुढच्या सुट्टीचा बेत करतील.

हे पर्यटनाच्या जाहिरातीनं होणार नाही. जाहिरात आधीच निघालेल्या माणसाला गाठते. दुसऱ्याच कामाला निघालेल्या माणसाला गाठायचं असेल, तर त्याच्या तहानेच्या जागीच उभं राहावं लागतं. नाणेघाटातल्या राणीला हे कळलं होतं. आजच्या रस्त्यांच्या अंदाजपत्रकात डांबर, काँक्रीट आणि पोलाद यांच्या बाबी असतात. त्याच यादीत, त्याच अभियंत्याच्या सहीनं, थांब्याची बाब यावी एवढीच माझी मागणी आहे. आपण आज जे थांबे बांधू, त्यांतले चांगले बांधलेले काही हजार वर्षांनी लोक मुद्दाम बघायला येतील, आणि ते आज बांधणाऱ्यांच्या हातात आहे.