दात न लागता

पहाटे चारचं दूध पाजून झालं की मला पुन्हा झोप लागत नसे. मग मागच्या पडवीतला दिवा लावायचा, चटई पसरायची आणि कोचासमोर बसायचं. आषाढ होता. पत्र्यावरच्या पागोळ्या थांबत नव्हत्या. खोक्यात गरम पाण्याच्या पिशवीला चिकटून दोन पिल्लं झोपलेली, आणि माझ्या हातात दाभण. जवळपास महिनाभर माझा दिवस असाच सुरू झाला, आणि एवढ्या भरल्या पहाटा मला फार दिवसांत मिळाल्या नव्हत्या.

कोच जूनमध्ये पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. बुधवार-रविवारी भरणाऱ्या या बाजारात माणसं बहुधा काहीतरी शोधायला जातात. मी नुसती फिरायला गेले होते. एकाच माणसाला बसण्याजोगा, बुटक्या पायांचा, सागवानी कोच. वरचं रेक्झिन फाटलेलं, आणि बसलं की डाव्या बाजूची स्प्रिंग मांडीला टोचायची. पण उलटा करून पाहिला, हात धरून हलवून पाहिला, पायांच्या बुडाशी नखानं टोकरलं. वाळवीचा माग नव्हता, भुंग्यानं पाडलेलं पीठ नव्हतं. सांगाडा धड असेल तर बाकीचं सगळं नव्यानं करता येतं, एवढं मला ठाऊक होतं. ते कसं करतात, ते मात्र शिकायचं होतं.

जुनी बैठक उसवणं हे शिवण्याहून जास्त शिकवतं. रेक्झिन काढलं तर खाली मरून रंगाचं फुलाफुलांचं कापड निघालं. ते काढलं तर त्याखाली हिरवट चौकडी. कुणीच आधीचं कापड काढलेलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपलं वरून ठोकलं होतं. गंजलेल्या चुका पकडीनं एकेक उपटताना तिन्ही थरांच्या भोकांवरून कळत गेलं की पहिला कारागीर सावकाश काम करणारा असला पाहिजे. त्याच्या चुका समान अंतरावर होत्या, एका रेषेत. शेवटच्यानं घाईत जागा मिळेल तिथं हातोडी मारली होती. पाठ आणि बैठक यांच्या फटीत एक केसाचा आकडा सापडला, पेन्सिलीचा बोटभर तुकडा, आणि फुलासारख्या कडेचं ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं, 1973 सालचं. कुणाच्या तरी खिशातून ते घरंगळलं असेल. मी ते पुसून देवघरात ठेवलं.

सगळ्यात तळाशी काथ्या होता. नारळाच्या सोडणाचा, काळवंडलेला, दाबून दाबून भाकरीसारखा झालेला. तो उपसून पडवीत वाळत घालायचा म्हणून ढीग करून ठेवला, आणि त्या रात्री पाऊस कोसळला.

सकाळी त्या ढिगात मांजरी व्यालेली होती.

ती आमच्या सोसायटीच्या भिंतीवरून जा-ये करणारी करडी मांजरी. माणसाच्या फार जवळ न येणारी. तीन पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, वजनाला जेमतेम लिंबाच्या दोन फोडींएवढी. मी काम थांबवलं. पडवीचं दार लोटून घेतलं, लांब एका बशीत खाणं ठेवलं आणि तिच्या वाटेला गेले नाही. आमच्याकडे म्हणतात की मांजरी आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते. खरं तर जागेला वास लागला, माणसांची ये-जा वाढली की ती पिल्लं हलवते. अकराव्या दिवशी तेच झालं. खिडकीतून मी पाहत होते. तिनं एका पिल्लाची मान तोंडात धरली. ते क्षणात सैल पडलं, मागचे पाय पोटाशी घेतले, शेपूट आत वळवली, आणि ती भिंतीवर चढून पलीकडे उतरली. जो जबडा उंदराचा मणका मोडतो त्याच जबड्यात ते पिल्लू असं निवांत लोंबत होतं.

बाकीच्या दोघांसाठी ती परत आली नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो, मग रात्रभर थांबलो. आई परतत असेल तर माणसानं मध्ये पडू नये, हे मला माहीत होतं. भल्या पहाटे त्यांचा आवाज बारीक होत गेला तेव्हा मात्र राहवलं नाही. हातात घेतली तर दोन्ही गार.

डॉक्टरांनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती दूध न पाजण्याची. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, मग पोट. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून तासभर बसले, तेव्हा कुठं ती वळवळायला लागली. दुसरी गोष्ट, गाईचं दूध नाही. त्यातली साखर त्यांना सोसत नाही, ढाळ लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचे ढाळ पुरतात. पिल्लांच्या दुधाची वेगळी पावडर मिळते, ती आणली. तिसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. या वयात त्यांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई जिभेनं चाटते म्हणून ते होतं. आई नाही, तर आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन दर वेळी दुधानंतर हळुवार पुसायचं. तिच्या जिभेचं काम माझ्या बोटांकडे आलं.

काळपट तपकिरी होता तो काथ्या झाला. लांबुळकी आणि बारीक होती ती सुतळी. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर काथ्या 225 ग्रॅम भरला आणि सुतळी 198. रोज दहा ग्रॅम वाढलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात तिथं मी वजनं लिहायला लागले.

आणि त्या दोन दुधांच्या मधल्या तीन तासांत कोच पुन्हा हातात घेतला.

बोहरी आळीतून सुतळी, गोणपाट आणि तागाचे रुंद पट्टे आणले. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक गादीवाले काका बसतात. त्यांचे वडील पिंजारी. दारोदार फिरून कापूस पिंजून द्यायचे. काकांनी पट्टे कसे विणायचे ते दाखवलं. एक वर, एक खाली, खाटेच्या नवारीसारखे, लाकडी चौकटीवर ताणून चुकांनी ठोकलेले. त्यावर नऊ स्प्रिंगा, तीनतीनच्या ओळीत. दाभणानं प्रत्येक स्प्रिंग पट्ट्याला चार ठिकाणी शिवायची. मग वरून बांधणी. सुतळी मागच्या पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत, मग डावीकडून उजवीकडे, मग दोन्ही तिरक्या. एका स्प्रिंगेपाशी अशा आठ बाजूंनी दोऱ्या येतात आणि दर ठिकाणी गाठ पडते. एक दोरी तुटली तरी उरलेल्या धरून ठेवतात.

इथं मी चुकले. मला वाटलं, जितकं घट्ट तितकं टिकाऊ. स्प्रिंगा खाली दाबून दाबून बांधल्या. सकाळी बसून पाहिलं तर बैठक पाटासारखी कडक, आणि पुढच्या पट्टीचा सांधा ताणानं किंचित उघडलेला. काका आले, तळहातानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, स्प्रिंग बांधायची असते, आवळायची नसते. तिला श्वास घ्यायला जागा ठेवा."

त्याच आठवड्यात दुधाच्या बाटलीचं भोक मी मोठं केलं. सुतळी फार हळू पीत होती, दमून मध्येच झोपत होती, वजन पुढे सरकत नव्हतं. वाटलं, थोडं भराभर पोटात जाऊ दे. दुसऱ्याच घोटाला तिच्या नाकातून दूध आलं. ती आचके द्यायला लागली. दूध फुप्फुसात गेलं तर पिल्लू दगावतं. तिचं डोकं खाली करून नाक पुसत मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. ती शिंकली, मग रडली. तो आवाज ऐकून मी जमिनीवर बसले.

तेव्हापासून नवं बूच, बारीक भोक, बाटली उलटी केली की थेंब थेंब गळेल एवढंच. पिल्लू पालथं, आई जवळ असती तर जसं प्यायलं असतं तसं. आणि मी सगळ्या गाठी सोडून नव्यानं स्प्रिंगा बांधायला बसले. दोन्ही कामं मी एकाच चुकीनं बिघडवली होती. प्रेमानंच, पण जोर लावून.

रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले, वडकलै आणि तेंकलै. भक्तानं किती धडपडायचं, यावर त्यांचा मतभेद. एकांनी माकडाच्या पिल्लाचा दाखला दिला. ते आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं. दुसऱ्यांनी मांजरीच्या पिल्लाचा. ते काहीच करत नाही, स्वतःला सोडून देतं. आईच त्याला उचलून नेते. मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय. लहानपणी कीर्तनात हे ऐकलं तेव्हा आपण कोणतं पिल्लू, एवढाच प्रश्न पडला होता. सगळी चर्चाच पिल्लाविषयी असते. त्यानं धरायचं की सोडून द्यायचं. खिडकीतून ती मांजरी पाहिल्यापासून मला तिच्या जबड्याचं आश्चर्य सुटत नाही. पिल्लाच्या सोडून देण्याला अर्थ येतो तो त्या जबड्यामुळे. जरा सैल धरलं तर ते भिंतीवरून पडेल. जरा जास्त मिटलं तर दात रुततील. हे माप तिला कुणी शिकवलं नाही, आणि मला ते गाठ सोडून बांधत, बूच बदलत शिकावं लागलं. आपल्या मराठी म्हणीनं मात्र नेमकं तिथं पाहिलं आहे. मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत. ही म्हण मी शेकडो वेळा ऐकली होती, आई मुलांना रागावली की शेजारणी म्हणायच्या. दात असतात, ते लागत मात्र नाहीत. दात काढून टाकलेली माया त्या म्हणीत नाही.

दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक स्प्रिंग अंगठ्याच्या रुंदीएवढीच दाबली, बांधली, तळहात ठेवून पाहिलं, पुढची घेतली. नऊ स्प्रिंगांना चार पहाटा लागल्या. वर गोणपाट. त्यावर जुनाच काथ्या, दोनदा धुतलेला, उघडीप मिळाली त्या दिवशी वाळवलेला, बोटांनी पिंजून मोकळा केलेला. नवा घ्यायला काका सांगत होते, पण ज्या काथ्यात ती जन्मली तो टाकवेना. काथ्यावर कापसाचा थर, त्यावर पांढरं मांजरपाट. या कापडाच्या नावातच मांजर आहे, ते आतल्या अस्तराला वापरतात. ते मध्यापासून कडेकडे ताणत न्यायचं, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. एका बाजूनं ओढत गेलं तर विणीच्या रेषा वाकड्या होतात आणि त्या मग कशानंही सरळ होत नाहीत.

एव्हाना पिल्लं पाच आठवड्यांची झाली होती. निळे डोळे अजून निळेच होते, रंग नंतर उतरतो. खोक्यातून बाहेर पडायला लागली होती, कालवलेलं खायला लागली होती, नखं आत ओढायला नुकतीच शिकली होती. तोवर सुतळी माझ्या ओढणीला अडकून लटकायची, कारण धरलेलं सोडायचं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं. दोघं बैठकीवर चढून मांजरपाट पायांनी मळायची, दूध पिताना आईचं पोट मळतात तसं, आणि तिथंच झोपायची. मी वरच्या कापडासाठी जाड विणीचं हातमागाचं कापड हेरून ठेवलं होतं. तो विचार सोडला. सैल विणीत नख अडकतं, दोरा निघतो, आणि मांजरानं ओरबाडणं हा काही गुन्हा नाही. तसं करून ते नखावरचं जुनं कवच उतरवतं आणि पंजाचा वास ठेवून जागा आपली करतं. उरलेलं गोणपाट एका लाकडी खांबाला गुंडाळून कोचाशेजारी उभं केलं, आणि कापडगंजातून दाट, गुळगुळीत, मातकट रंगाचं कापड आणलं.

श्रावणातल्या एका सकाळी काका ते कापड लावायला आले. पाठीच्या घड्या मला जमणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. बैठकीवर सुतळी झोपली होती. मी तिला उचलायला पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग बैठकीच्या कडेला तळहात पसरून त्यांनी हळूच भार टाकला. बैठक खाली गेली, तिच्यासोबत सुतळी खाली गेली. त्यांनी हात उचलला, बैठक वर आली, ती वर आली. तिचा एक कान हलला. डोळे उघडले नाहीत.

"झाली," काका म्हणाले, आणि खाली चटईवर बसून कापडाची घडी उलगडायला लागले.