दाखला

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या बहिणीचा इंग्लंडमधून, लेस्टरहून, फोन आला. ओवाळणीचा विषय निघण्याआधीच ती म्हणाली, "दादा, इथे आईच्या शब्दाला किंमत नाही!"

प्रकरण तसे साधे होते. बिऱ्हाड हलवताना भाच्याच्या लसींचे कार्ड हरवले. पहिल्या वर्षाच्या लसी तिला आठवत होत्या. दीड वर्षाची टोचली की राहिली, हे काही सांगता येईना. तिथला नियम असा, की लेखी किंवा खात्रीची माहिती नसेल, तर लस झालेली नाही असे धरून चालायचे. शिवाय आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, गालफुगीची नाही. तिथे तीही देतात. म्हणून पोराच्या दंडाला पुन्हा सुया.

बहिणीचा अपमान मला माझाच वाटला. पण रात्री विचार करू लागलो, तेव्हा त्या नर्सबाईंचे पटू लागले. झालेली लस पुन्हा दिली तर सहसा बिघडत नाही. पण राहिलेली राहूनच गेली, तर गोवर काही कार्ड पाहून येत नाही. आणि एक गोष्ट मला फारच आवडली. मध्येच थांबलेला लसीचा क्रम पहिल्यापासून सुरू करीत नाहीत. सुटला तिथून पुढे नेतात. उशीर झाला म्हणून शिक्षा नाही.

तुम्ही म्हणाल, यात मास्तरांचे काय गेले? सांगतो. मला आठवला माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिलेला एक ऊसतोडणी कामगार. आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून तो म्हणत होता, "गुरुजी, तिसरीत हाय ही." मी विचारले, "शाळेचा दाखला?" तो नव्हता. "आणा, मग बघू," मी म्हणालो. दाखल्यासाठी प्रवेश अडवू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. ते मला ठाऊक होते. तो माणूस पुन्हा आला नाही.

नर्सबाईंनी कागद मागितला, तसा मीही मागितला. शंका दोघांचीही एकच. पण शंकेचे ओझे त्यांनी स्वतः उचलले आणि मुलाला द्यायचे ते दिले. मी ते एका पोरीच्या डोक्यावर ठेवले आणि हजेरी घ्यायला लागलो. शंका घेणे वाईट नाही. तिची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न असतो.

दिवाळी सरली की टोळ्या पुन्हा येतील. यंदा हजेरीपटात काही ओळी मी कोऱ्या ठेवल्या आहेत.