कापलेल्या कानाचे देणे

जयपूरच्या टोंक रस्त्यावरून गोपालपुरा बायपासकडे वळले की शिकवणी वर्गांच्या पाट्यांची दाटी सुरू होते. तेथील एका ख्रिस्ती घरी माझा काही दिवस मुक्काम होता. स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर रोज सकाळी एक भाटी येऊन बसे. तिच्या एका कानाचे टोक सरळ कापलेले होते. शस्त्रक्रिया झालेल्या मोकाट मांजराची ही खूण. तेच मांजर पुन्हा धरले जाऊ नये म्हणून ती करतात. घरच्या बाईंनी मला विचारले, “पिल्लांची कटकट मिटावी म्हणून आम्हीच तिला धरवली. आता आम्ही तिचे काही देणे लागतो का?”

वाचकहो, प्रश्न किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटला नाही.

तेथून जवळच दुर्गापुऱ्यात, महाराणी फार्म येथे, क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी १९८० साली स्थापिलेली ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्था आहे. मोकाट कुत्री धरून, शस्त्रक्रिया करून, रेबीजची लस टोचून जागच्या जागी परत सोडण्याचे काम तिने नोव्हेंबर १९९४ मध्ये आरंभिले. २००२ अखेरपर्यंत त्या भागातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांना होणारा रेबीज तेथे शून्यावर आला. उपयोग सिद्ध झाला. पण बाईंचा प्रश्न उपयोगाचा नव्हता.

शास्त्रात शोधू गेल्यास अनुवादकाची पंचाईत होते. पाळीव मांजर इब्री शास्त्रात कोठेच नाही. ते भेटते यिर्मयाच्या पत्रात, मूर्तींच्या अंगावर निर्धास्त बसलेले. आणि ते पत्र कॅथलिक बंधूंच्या शास्त्रात आहे, आम्हा प्रॉटेस्टंटांच्या नाही. लेवीय २२:२४ मात्र टाळता येत नाही. अंड चिरडलेला वा कापलेला पशू परमेश्वराला अर्पू नये, असे तेथे सांगितले आहे. पण ओवीच्या शेवटी मूळ इब्रीत केवळ ‘तुमच्या देशात करू नका’ अशा अर्थाचे शब्द आहेत. काय करू नका? अर्पण, की खच्चीकरण? यहूदी गुरूंनी दुसरा अर्थ घेऊन पशूंचे खच्चीकरणच निषिद्ध मानले. संदर्भ वेदीचा असल्यामुळे मी पहिल्या अर्थाकडे झुकतो. तरीही दुसरा अर्थ मला स्वस्थ बसू देत नाही. तारवातून बाहेर आलेल्या पशूंनी पृथ्वीवर बहुगुणित व्हावे, ही देवाची इच्छा उत्पत्तीत नोंदलेली आहे. त्या शक्तीला हात लावणे हे क्षुल्लक कृत्य नव्हे, एवढे त्या गुरूंनी निश्चित ओळखले होते.

मग हे करूच नये काय? मला वाटते, करावे. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिल्लांपैकी कितीतरी चाकांखाली आणि रोगराईत मरतात. उरलेल्यांसाठी कोणीतरी पोते किंवा विष आणतो. शस्त्रक्रिया त्याहून बरी. पण तिच्या संमतीवाचून, निम्मे आपल्याच सोयीसाठी, आपण तिचे काही घेतले आहे, आणि ज्याने घेतले तो ऋणी असतो.

नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाचे काय करतो? तेथील इब्री क्रियापद ‘यादा’, म्हणजे ‘जाणणे’. भाषांतरात आम्ही ‘काळजी’ आणतो. मूळ शब्द अधिक साधा आणि अधिक अवघड आहे. शिवाय तेथे ‘आपला’ पशू म्हटले आहे. भिंतीवरची भाटी कोणाची? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी, ज्यावर कोणी मालकी सांगत नाही अशा वस्तीत जन्मलेल्या प्राण्याला ‘समुदायातील प्राणी’ म्हटले. आणि निर्गम २३:५ मधील ओझ्याखाली पडलेले गाढव तर आपला द्वेष करणाऱ्याचे आहे.

जाणणे म्हणजे फार मोठे काही नव्हे. शस्त्रक्रियेनंतरची रात्र तिला उबदार, बंदिस्त जागी ठेवावे; गुंगी पुरती उतरल्यावाचून खायला घालू नये. टाके बरे होत आहेत ना, ते पाहावे. सोडावे ते जेथून धरले तेथेच, कारण पाणी, आडोसा आणि वैरी तिला तेथलेच ठाऊक असतात. अन्न ठरल्या वेळी द्यावे व उरलेले उचलावे, म्हणजे शेजाऱ्यांचे शिव्याशाप वाचतात. जयपूरच्या उन्हाळ्यात अन्नापेक्षा पाणी मोलाचे. आणि कान न कापलेले नवे मांजर दिसले की पुन्हा पिंजरा. लोक शस्त्रक्रियेसाठी एकदा वर्गणी देतात, पाण्याच्या भांड्याची मात्र कोणालाच आठवण राहत नाही.

एक गोष्ट मला सलते. पोटभर जेवलेले मांजरही चिमणी मारते, आणि त्याच चिमणीचे पडणे पित्याला ठाऊक असते, असे प्रभूने सांगितले. भाटीला वाढताना मी चिमण्यांच्या विरुद्ध बाजूस उभा राहतो काय? संख्या वाढू न देणे, एवढेच मला सुचते, आणि ते अपुरे आहे.

बाईंना मी म्हणालो, “होय, देणे लागता.”

“किती दिवस?”

“ती जिवंत असेपर्यंत.”

त्या जरा वेळाने म्हणाल्या, “घर भाड्याचे आहे. एप्रिलमध्ये सोडायचे आहे.” हे माझ्या ध्यानीच आले नव्हते. संध्याकाळी त्या शेजारच्या वृद्ध मारवाडी बाईंकडे गेल्या, पाण्याचे भांडे कोण भरील ते विचारायला.