आधी कोण जाणार?

खाऱ्या पाण्याची काचपेटी घरात येऊन दहा दिवस झाले आणि दिवाणखान्यात ससून डॉकचा वास सुटला. काचांवर तपकिरी, बुळबुळीत थर! हिनं नाकाला पदर लावून विचारलं, "हाच का तुमचा समुद्र?"

चूक माझीच. चिमूटभर खाद्य टाकायचं तिथं मूठभर टाकलं होतं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, एक स्वस्तातला डॅमसेल सोडा. तो टिकला की महागाचे न्या."

शास्त्र असं, की सडक्या अन्नातून अमोनिया होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. ही मंडळी स्थिरस्थावर व्हायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर पाणी विषारीच. म्हणजे त्या बोटभर निळ्या जिवाला विषाची चव बघायला पुढं धाडायचं, का तर तो स्वस्त! (सुरमई खाताना मला असला पेच कधी पडलेला नाही, हेही खरं.)

पण जीवाणूंना अमोनिया हवा, मासा नव्हे. आणि अमोनिया माझ्या मुठीनं भरपूर पुरवला होता. नळीनं थोडा गाळ उपसला आणि मासा न सोडता थांबलो.

ही माहेरी गेली आहे. खिडक्या सताड उघड्या टाकून मी रिकाम्या समुद्रापुढं बसतो. आज तेविसावा दिवस.